सासूबाईंना माचू पिच्चू बघायचंय, यजमानांना चार देश

वाचकाचं पत्र : मी नाशिकला बँकेत नोकरी करते. येत्या मे महिन्यात मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघं दक्षिण अमेरिकेला जायचं म्हणतोय. सासूबाई ६८ वर्षांच्या, निवृत्त भूगोल शिक्षिका. जन्मभर फळ्यावर अँडीज काढला, आता एकदा डोळ्यांनी बघू दे, असं त्यांचं म्हणणं. त्यातही माचू पिच्चू, पेरूतलं ते इंका लोकांचं डोंगरावरचं जुनं शहर, बघायचंच आहे. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. शुद्ध शाकाहारी आहेत, एकादशी-चतुर्थी करतात. यजमान म्हणतात, एवढा पैसा घालून जायचं तर सोळा दिवसांत पेरू, बोलिव्हिया, ब्राझील, अर्जेंटिना असं सगळंच उरकू. त्यांच्याकडे ऑफिसच्या कामाचा अमेरिकेचा व्हिसा आहे, आम्हा दोघींकडे नाही. टूर कंपनीबरोबर जावं की स्वतः आखावं? आणि मुळात सासूबाईंना एवढ्या लांब नेणं हा वेडेपणा तर नाही ना?

उत्तर :

ताई, सासूबाईंना जरूर न्या. यजमानांचे चार देश मात्र या खेपेला राहू द्या.

यजमानांची हौस मला कळते. पण एकटा ब्राझीलच भारताच्या अडीचपट आहे. मुंबईहून पेरूच्या राजधानीला, लिमाला, थेट विमान नाही. युरोपमार्गे जा नाहीतर साओ पावलोमार्गे, घरातून निघाल्यापासून हॉटेलच्या खोलीत पाठ टेकेपर्यंत दीड दिवस सहज जातो. वर घड्याळ साडेदहा तास मागे. सोळातले जाण्यायेण्याचे आणि झोप ताळ्यावर येण्याचे दिवस वजा केलेत की हातात जेमतेम बारा उरतात. त्यात चार देश बसवले तर सासूबाईंना चार विमानतळ दिसतील. बारा दिवसांत एकटा पेरू नीट बघून होतो, तेवढाच बघा. बोलिव्हियाला तर नकोच. ला पाझ साधारण ३,६०० मीटरवर आहे आणि तिथला विमानतळ त्याच्याही वर, ४,००० मीटरच्या पुढे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाईंना विमानातून थेट तिथे उतरवायचं नाही.

तिकिटं काढण्याआधी एक गोष्ट मार्गी लावा, कारण तुमच्या बाबतीत सगळं तिथेच अडू शकतं: पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. पेरू सरकार भारतीय प्रवाशाकडे तिचं प्रमाणपत्र मागत नाही. मागतो आपलाच देश, परतताना. भारताच्या यादीत पेरू, ब्राझील, बोलिव्हिया, अर्जेंटिना सगळे आहेत. जंगलात पाऊल न टाकता नुसतं लिमा आणि माचू पिच्चूजवळचं कुस्को शहर करून आलात तरी नियम तोच: प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस एकदा घेतली की जन्मभर चालते, पण प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जातं ते टोचल्यापासून दहा दिवसांनी. ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथले वार ठरलेले असतात आणि सुट्टीच्या हंगामात गर्दी होते, तेव्हा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

तुम्हा दोघांना यात फारशी अडचण यायची नाही. सासूबाईंचं वेगळं आहे. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, तो फार कमी असला तरी असतो; अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना तर ती सहसा देतच नाहीत. म्हणून त्यांना आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि स्पष्ट विचारा की यांना ही लस चालेल का. नाही म्हणाले तर नुसत्या डॉक्टरी चिठ्ठीवर विसंबून मुंबईत उतरू नका. विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाला आधीच लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दुसरी एक वाट आहे. नियम मोजतो तो पीतज्वराचा प्रदेश सोडल्यापासूनचे सहा दिवस. तेव्हा परतताना स्पेनमध्ये किंवा हॉलंडमध्ये आठवडाभर राहून आलात तर प्रश्नच उरत नाही. खर्च वाढेल, पण यजमानांना आणखी एक देशही मिळेल!

आता व्हिसा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा) व्हिसा असेल आणि त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक असेल, तर भारतीय पासपोर्टवर पेरूत पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. म्हणजे यजमान सुटले. तुम्हा दोघींना दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे अर्ज करावा लागेल. युरोपमार्गे जाणार म्हणून शेंगेन काढू आणि त्यावरच पेरू करू, असा हिशेब मनात येईल, पण पहिल्यांदा मिळणारा शेंगेन बहुधा प्रवासाच्या तारखांपुरताच असतो आणि मग ती सहा महिन्यांची अट पुरी होत नाही. अमेरिकेमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. यजमान पुढे जातील आणि तुम्ही दोघी मुंबईतच राहाल. युरोपातल्या काही विमानतळांवरही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो, तेव्हा शहर ठरवायच्या आधी त्या देशाचा नियम वाचा. आणि मुंबई ते लिमा एकाच तिकिटावर असू द्या. दोन वेगळी तिकिटं जोडलीत की मध्ये सामान घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर पडावं लागतं, आणि तिथला व्हिसा नसेल तर पहिल्या विमानतळावरच अडवतात.

मे महिना मात्र तुम्ही उत्तम निवडलाय, मुद्दाम निवडला असो वा शाळा-बँकेच्या सुट्ट्यांमुळे असो. अँडीजमधला पाऊस एप्रिलपर्यंत ओसरतो, डोंगर अजून हिरवे असतात, आणि जून-जुलैची झुंबड सुरू व्हायची असते. दिवसा ऊन कडक, रात्री थंडी चांगलीच. स्वेटर, कानटोपी आणि सनस्क्रीन तिन्ही एकाच दिवशी लागतात.

आणि आता उंची. पेरूची सहल किलोमीटर बघून नाही, मीटर बघून आखायची. लिमा समुद्राकाठी, आणि तिथून सव्वा तासाचं विमान तुम्हाला थेट ३,४०० मीटरवरच्या कुस्कोत उतरवतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कुस्को त्याच्या दुपटीहून उंच. लेहला विमानाने गेलेलं कोणी ओळखीत असेल तर त्यांना विचारा, पहिले दोन दिवस कसे गेले. कुस्कोची उंची जवळपास तेवढीच. डोकं ठणकतं, भूक मरते, दोन जिने चढले की धाप लागते. तरणाताठा माणूस आडवा होतो आणि सत्तरीच्या आजी टुणटुणीत राहतात असंही होतं. कोणाला बाधेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सर्वांनीच जपायचं.

बहुतेक जण कुस्कोत उतरतात आणि तिथेच मुक्काम करतात. तुम्ही ते करू नका. सकाळच्या विमानाने उतरा, विमानतळाबाहेर आधी ठरवलेली गाडी घ्या आणि तशाच खाली उरुबांबाच्या खोऱ्यात जा. पावणेदोन-दोन तासांचा रस्ता. उरुबांबा गाव २,८७० मीटरच्या आसपास, ओयांतायतांबो त्याहून थोडं खाली. पहिली रात्र पाच-सहाशे मीटर खाली झोपल्याने केवढा फरक पडतो ते दुसऱ्या दिवशी कुस्कोतल्या हॉटेलांतल्या लोकांचे चेहरे पाहिलेत की कळेल. खोऱ्यात तीन रात्री राहा. तिथून रेल्वेने माचू पिच्चूच्या पायथ्याचं गाव, आग्वास कालिएन्तेस, ते तर २,०४० मीटरवर. खुद्द माचू पिच्चू २,४३० मीटर. लोकांना वाटतं माचू पिच्चू म्हणजे सगळ्यात उंच ठिकाण; प्रत्यक्षात ते कुस्कोपेक्षा हजारभर मीटर खाली आहे. ते बघून झालं की शेवटी कुस्कोत तीन दिवस, तोवर शरीर रुळलेलं असतं.

यात टिटिकाका सरोवर नाही, हे सासूबाईंच्या लक्षात येईल. ३,८१२ मीटरवरचं ते सरोवर त्यांनी नक्की शिकवलं असणार. तरी मी सोडायला सांगेन. आणि इंस्टाग्रामवर दिसणारा तो रंगीत पट्ट्यांचा विनिकुंका डोंगर ५,००० मीटरच्या पुढे आहे. यजमानांना जायचं असेल तर शेवटच्या दिवसांत एकट्याने जाऊ द्या, तुम्ही दोघी कुस्कोच्या चौकात कॉफी प्या.

उंचीसाठीची ॲसिटाझोलामाइडची गोळी चालेल का, रक्तदाबाच्या गोळीबरोबर जमेल का, हेही त्याच डॉक्टरांना विचारून या. तिथे हॉटेलात शिरताच कोकाच्या पानांचा चहा पुढे येतो. पेरूत तो कायदेशीर आणि रोजचा आहे, पण हलका उत्तेजक आहे, तेव्हा सासूबाईंना मुन्या नावाच्या डोंगरी पुदिन्याचा चहा द्या. पोटालाही बरा. कोकाची पानं किंवा त्या चहाची पाकिटं आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात ती बसतात आणि तिथल्या दुकानदाराने 'चहा आहे' म्हटलं होतं हे कस्टमला सांगून उपयोग नसतो.

माचू पिच्चूचं तिकीट ही वेगळी कसरत आहे. ते पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर निघतं, त्यावर तारीख आणि आत शिरण्याची वेळ असते, आणि रोज किती माणसं सोडायची याची मर्यादा आहे. शिवाय आत तीन ठरलेले मार्ग आहेत आणि तिकीट घेतानाच मार्ग निवडावा लागतो. आत गेल्यावर 'जरा तिकडे पण बघून येऊ' चालत नाही. फोटोत दिसतं ते वरून संपूर्ण शहर आणि मागे वायना पिच्चूचा सुळका, ते हवं असेल आणि अवशेषांतूनही फिरायचं असेल तर दुसरा मार्ग घ्या. सगळ्यांना तोच हवा असतो, म्हणून तो आधी संपतो. त्यात सुरुवातीला दगडी पायऱ्यांची बऱ्यापैकी चढण आहे, पायऱ्या लहानमोठ्या आणि कठड्याशिवाय. सासूबाईंचे गुडघे कुरकुरत असतील तर तिसरा मार्ग, खालून जाणारा आणि कमी चढाचा. काठी न्यायची तर टोकाला रबर हवं. स्वच्छतागृह फक्त प्रवेशद्वाराबाहेर आहे आणि एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत घेत नाहीत. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स नाही.

आग्वास कालिएन्तेसपर्यंत मोटाररस्ता नाही. ओयांतायतांबोहून रेल्वे, पावणेदोन तासांच्या आसपास, नदीच्या काठाकाठाने. सासूबाईंना खिडकी द्या. सुरुवातीला निवडुंग आणि उघडे डोंगर दिसतात, मग दरी अरुंद होत जाते, हवा दमट होते आणि कडेच्या झाडांवर शेवाळ नि ऑर्किड दिसायला लागतात. वर्गात नकाशावर रंगांनी दाखवायचे पट्टे त्या पावणेदोन तासांत खिडकीतून सरकत जातात. गावातून वर जायला नागमोडी रस्त्याने बस, अर्धा तास. पहाटेच्या बसची रांग अंधारातच लागते, लोक गुंडाळलेल्या ब्लँकेटात उभे असतात आणि बायका रांगेच्या कडेने गरम कॉफी विकत फिरतात. तुम्ही एक रात्र गावातच राहून सकाळी आठ-नऊची वेळ घ्या. त्या वेळी धुकंही बहुधा उठलेलं असतं.

आणि माचू पिच्चू परतीच्या विमानाला खेटून ठेवू नका. पेरूत आंदोलनं होतात आणि पहिली अडते ती हीच रेल्वे. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेद्रो कास्तियो यांना हटवल्यावर देश पेटला, पर्यटक गावात अडकले, आणि जानेवारी २०२३ मध्ये माचू पिच्चू काही काळ बंदच ठेवावं लागलं. नंतर तीनचार दिवस हाताशी असले की तारीख हलवता येते.

लिमाला लोक विमान बदलण्यापुरतं वापरतात. तुमच्याबरोबर भूगोलाच्या बाई आहेत, तेव्हा तुम्ही तसं करू नका. लिमा विषुववृत्ताच्या दक्षिणेला १२ अंशांवर. उत्तरेला जवळपास तेवढ्याच अंतरावर आपलं बेंगळुरू. तरी लिमात पाऊस जवळजवळ पडतच नाही. किनाऱ्याने वाहणारा थंड हंबोल्ट प्रवाह हवा खालून गार ठेवतो, ढग बनतात पण बरसत नाहीत, आणि हिवाळ्यात शहरावर राखाडी दुलई आणि बारीक भुरभुर, तिला ते गारुआ म्हणतात. मे महिन्यात तिची सुरुवात झालेली असते. लिमाहून बसने चारेक तासांवर पाराकास आहे. तिथून होडीने बायेस्तास बेटांभोवती फिरवून आणा. उष्ण कटिबंधात, वाळवंटाच्या काठावर, खडकावर पेंग्विन उभे! बेटं पांढरी दिसतात ती समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेने. त्याच खतावर एकोणिसाव्या शतकात पेरूची तिजोरी चालली होती. आणि हाच किनारा आहे जिथल्या कोळ्यांना नाताळच्या सुमारास समुद्र अवचित कोमट होतो, मासळी जाते, हे पहिल्यांदा जाणवलं. त्या एल निन्योच्या बातम्या नाशिकचा द्राक्षबागायतदार दर मे महिन्यात धास्तीने वाचतो. माझ्या मते सासूबाईंना माचू पिच्चूइतकंच हेही आवडेल.

खाण्याची काळजी तुम्ही करताय त्यापेक्षा थोडी कमी करा, पण सोडू नका. अडचण वेगळीच असते: 'मांस नको' म्हटलं की तिथे कोंबडी आणि मासे चालतात असा समज होतो, आणि भाज्यांच्या सूपातही कोंबडीचं पाणी असतं. म्हणून स्पॅनिशमध्ये एक कागद लिहून जवळ ठेवा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो. हॉटेलात, बसमध्ये, सगळीकडे तो पुढे करा. भात सर्वत्र मिळतो. मेतकूट आणि चटणीची बंद पाकिटं न्या, ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. खोऱ्यात रस्त्याच्या कडेला चोक्लो कोन केसो घ्या: हरभऱ्याएवढ्या नव्हे, अंगठ्याच्या नखाएवढ्या दाण्यांचं पांढरं उकडलेलं कणीस, सोबत ताज्या खारट चीजचा जाड तुकडा आणि हिरव्या मिरचीची सणसणीत चटणी. दाणे सोलून एकेक खायचे असतात. बाजारात चिरिमोया शोधा, सीताफळाचा चुलतभाऊ आणि बिया कमी.

एकादशीचं तर विचारूच नका. बटाटा मूळचा याच डोंगरांतला, आणि शेंगदाणा, रताळं, मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, हे सगळं अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या वगैरे हातांनी आपल्याकडे आलेलं. उपासाचं अख्खं ताट तिथल्या बाजारात मांडलेलं आहे, तेही बटाट्याच्या इतक्या रंगांसह की सासूबाई पिशवी भरतील. उकडलेला कसावा, ज्याला तिथे युका म्हणतात, आणि जांभळा बटाटा, वर मीठ. मीठही मारासच्या डोंगरउतारावरच्या मिठागरांतलं घ्या. खारं पाणी तिथे डोंगरातून येतं.

पैशाचं थोडक्यात. चलन सोल. डॉलर न्यायचे तर कोरे करकरीत; कडेला जराशी फाटलेली किंवा शिक्का मारलेली नोट तिथे कोणी घेत नाही. हॉटेलात खोली घेताना पासपोर्ट दाखवा, परदेशी पर्यटकाला मुक्कामावरचा विक्रीकर माफ असतो आणि न विचारता तो कापलाच जाईल असं नाही. लिमात रस्त्यावर मोबाइल हातात धरून चालू नका, दुचाकीवरून हिसकावतात. टॅक्सी ॲपवरून बोलवा किंवा हॉटेलातून.

टूर कंपनीचं म्हणाल तर आपल्याकडच्या गटसहलींत जेवणाची सोय आणि सोबत असते, ती सासूबाईंना नक्कीच आवडेल. पण पत्रक हातात घेऊन एकच प्रश्न विचारा: कुस्कोला उतरल्यावर पहिली रात्र कुठे? उत्तर 'कुस्को' आलं आणि दुसऱ्याच दिवशी माचू पिच्चू असेल, तर नको. मी तुमच्या जागी असते तर विमान, रेल्वे आणि माचू पिच्चू स्वतः काढलं असतं आणि खोऱ्यातल्या दिवसांसाठी चालकासह गाडी ठरवली असती. तिघांत ती परवडते, आणि कोणाचं डोकं दुखलं तर कार्यक्रम त्याच दिवशी बदलता येतो.

तिकिटं काढायला बसाल तेव्हा तिघांचे पासपोर्ट समोर घेऊन बसा. आपल्याकडे एका पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि जुन्या काही पासपोर्टांवर आडनावाची ओळ रिकामीच. विमान, रेल्वे आणि माचू पिच्चू या तिन्ही तिकिटांवर नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, आणि तिघांच्या पासपोर्टांची मुदत परतीनंतर सहा महिने शिल्लक हवी. सासूबाईंचा पासपोर्ट आधी बघा. नूतनीकरण करायचं निघालं तर व्हिसाचा अर्ज त्यानंतरच करता येईल.